मुलांच्या खोलीला कुलूप

गुरुवारी सकाळी सासऱ्यांनी तिच्याकडे किल्ली मागितली.

तशी साधीच किल्ली. प्रार्थनाघराच्या सभागृहाला लागून मागे एक खोली होती, मुलांची खोली म्हणायचे तिला. लाकडी ठोकळे, एक चाक गमावलेली मालगाडी, जाड सतरंजी आणि मधल्या भिंतीत एक काचेची खिडकी. खिडकीतून सभागृहात काय चाललंय ते दिसायचं, ऐकू मात्र काही यायचं नाही. दर शनिवारी धर्मग्रंथाच्या गुंडाळीचं वाचन सुरू झालं की रडकी, चुळबुळी, दात येणारी अशी सगळी फौज या खोलीत रवाना व्हायची, आणि फौजेच्या मागोमाग ती. तीन वर्षं तो कारभार तिच्याकडे होता. कुणी सोपवला नव्हता, तिनंच ओढून घेतला होता. लोक म्हणायचे, किती करते बिचारी. ती नुसती हसायची.

"या शनिवारी खोली उघडायची नाही," सासरे डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करत. दुकान खाली, घर वर, आणि बोलणं नेहमी असंच, एक डोळा चाकांत घालून.

"मग मुलं कुठे जाणार, बाबा?"

"आत. आपल्याबरोबर."

"सगळी?"

"सगळी. ते बेकरीवालीचं दात येणारं नातवंड धरून."

ती हसली. बाबा चेहरा मख्ख ठेवून थट्टा करतात हे तिला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं होतं. पण बाबांनी भिंग काढलं, टेबलावर उपडं ठेवलं आणि हात पुढे केला, तेव्हा तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"हे मेळाव्याचं वर्ष आहे," ते म्हणाले.

तिला ते माहीत नव्हतं असं नाही. यहुदी घरात वाढलेल्या मुलीला सात वर्षांचा हिशेब शिकवावा लागत नाही. गेलं वर्ष सातवं, सोडून देण्याचं. जुन्या काळी त्या वर्षी नांगर भिंतीला टेकवून ठेवायचे, कुंपणं उघडी टाकायचे, आणि शेतात आपोआप उगवेल ते मालकानं खावं तसं वाटसरूनंही खावं, अशी रीत. मग ते वर्ष सरलं की राजा सगळ्यांना एकत्र बोलवायचा आणि उंचावर उभा राहून ग्रंथातलं वाचून दाखवायचा.

आता कुठला राजा आणि कुठलं शेत! इथल्या चाळीसेक यहुदी घरांत शेतकरी औषधालाही सापडला नसता. तरी बाबांनी गेलं अख्खं वर्ष दुकानामागच्या आवाराचं फाटक उघडं ठेवलं होतं. आवारात अंजिराचं एक झाड होतं. ज्याला हवं त्यानं यावं, तोडावं. लोक आले, पाखरं आली, एकदा तर कुणाची तरी शेळीसुद्धा आली. आणि एका सकाळी बाबांना दिसलं, की फाटकाला सुतळी बांधलीय. चांगली तीन गाठींची.

"बटण रस्त्यावर पळेल म्हणून," तिनं खाली मान घालून सांगितलं होतं. बाबांनी सुतळी तशीच राहू दिली. येणारे वाकून गाठी सोडायचे आणि जाताना पुन्हा बांधायचे.

बटण म्हणजे तिची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, की बाबा म्हणाले, "ही तर कोटावरून निखळलेलं बटण." तेच नाव पडलं. आता बटण चार वर्षांची झाली होती, घरात अकरा शब्द बोलत होती आणि घराबाहेर एकही नाही. अकरा हा आकडा पक्का होता. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं नमुने मोजल्यावर अंदाजे काही लिहायची सवय तिला उरली नव्हती. वर्षभर बिनपगारी रजा घेऊन ती घरी बसली होती आणि मुलीला डोळ्यांत तेल घालून पाहत होती. कोणता शब्द, कितीदा, कुणाकडे बघून. माणसांची गर्दी अंगावर आली की बटण दोन्ही हात कानांवर दाबायची आणि किंचाळायची. साधंसुधं नाही. काच तडकावी असं. तीन आठवड्यांनी तज्ज्ञांची वेळ मिळाली होती. हे ती आणि नवरा, दोघांनाच ठाऊक होतं.

मुलांच्या खोलीत आणखी चार मुलं किंचाळत असत. तिथे कुणाचं किंचाळणं कसलं आहे, हे कोण बघतं? काचेपलीकडच्यांना तर ऐकूच येत नसे. एकदा सगळ्यांनी पाहिलं की ते खरं होईल, असं तिच्या मनानं कधीच ठरवून टाकलं होतं.

"बाबा, मोठी माणसं ऐकतील, शिकतील, ठीक आहे. पण लहानांना काय कळणार? मेळाव्याला त्यांना आणायचंच कशाला?"

"हा प्रश्न फार जुना आहे. जुन्या गुरूंनीही विचारला होता."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, आणणाऱ्याला काहीतरी मिळावं म्हणून."

"मला काय मिळणार? मान खाली घालायला जागा?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी काही आणत नाही, नुसती गुंडाळी वाचतो. पण असं बघ, वर्षभर कुंपणं उघडी होती. आता प्रत्येक जण पुन्हा आपापल्या कुंपणात जाणार, माझं-तुझं सुरू होणार. त्याआधी एकदा सगळ्यांनी एका आवाजाखाली उभं राहायचं. शहाणा, अडाणी, बाई, बुवा, पोर, दाराशी आलेला परका. ज्याला भाषाच येत नाही त्यानंही. कळलं पाहिजे अशी अटच नाही त्यात. मन तयार ठेवायचं, जणू आज पहिल्यांदाच ऐकतोय. एकाला जरी काचेमागे ठेवलं, तर ते आपलं नेहमीचंच वाचन झालं."

तिनं किल्ली दिली. दिली म्हणजे टेबलावर ठेवली, आणि ती जरा जोरातच वाजली.

शुक्रवारी ती पाव आणायला बेकरीत गेली, तेव्हा बातमी तिच्या आधी पोहोचली होती.

"काय गं, खोली बंद म्हणे उद्या!" बेकरीवाल्या काकू हात पिठात ठेवूनच ओरडल्या. "बरं झालं बाई. तीन वर्षं तुझं तोंड मला काचेमागेच दिसतंय. या माझ्या केकसारखं."

"मुलं गोंधळ घालतील, काकू. कुणाला एक अक्षर ऐकू येणार नाही."

"आता तरी कुठे येतं? आमचे हे वाचन सुरू झालं की घोरतात. त्यांच्यावर कुणी ओरडलंय कधी?" काकूंनी पाव कागदात गुंडाळला आणि वर एक छोटा गोल पाव ठेवला. "हा बटणाला. आणि येताना तिला माझ्या बाजूला घेऊन बस. मी रुंद आहे, आडोसा होतो."

ती हसली खरी, पण दाराबाहेर पडता पडता तिनं मनाशी पळवाट आखलीसुद्धा होती.

"ताप आहे असं सांगूया," दुपारी ती नवऱ्याला म्हणाली. तो चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात होता आणि शुक्रवारी लवकर सुटायचा.

त्यानं बटणाच्या कपाळाला हात लावला. बटण खाटेखाली बसून छोटा पाव पोखरत होती. "हिच्यापेक्षा माझं कपाळ गरम आहे."

"थोडी कढत वाटतेय."

"अगं, बाबांशी खोटं बोलायचं? तेही उद्याच्या दिवशी?"

"तुला काय होतंय! तू वर मंचावर असशील, बाबांच्या शेजारी, पुस्तक हातात धरून. खाली मी एकटी."

"एकटी कशी? अख्खं सभागृह असेल की."

"तेच तर!"

तो खाली बसला, खाटेखाली डोकं घातलं आणि लेकीला म्हणाला, "काय मॅडम, येणार ना उद्या?" बटण म्हणाली, "पाव." तो अकरांतला नव्हता. बारावा शब्द. पण तिचं लक्ष इतकं उडालेलं, की वहीत लिहायचं राहून गेलं, आणि मग सूर्य मावळून शनिवार लागला. शनिवारी लिहायचं नसतं.

सकाळी ती लवकर निघाली. दाराजवळची जागा धरायची, पहिली किंकाळी फुटायच्या आत बाहेर. तीन पावलं, फार तर चार. हे गणित तिनं रात्रीच मांडून ठेवलं होतं. पण सभागृहात पाऊल टाकलं आणि गणित तिथेच कोसळलं. एवढी माणसं तिनं तिथे कधी पाहिलीच नव्हती. वर्षाकाठी एकदा तोंड दाखवणारे आले होते, काठी टेकत येणारे आले होते, शेजारच्या इमारतीतली एक परकी बाईसुद्धा कुतूहलानं दाराशी उभी होती. खुर्च्या संपल्या, तेव्हा मुलांना बायका आणि पुरुष यांच्यामधल्या वाटेवर खाली बसवलं. दारापासून मंचापर्यंत नुसती मुलंच मुलं. आणि काकूंनी तिचा दंड धरून तिला थेट मंचाजवळ, दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं.

"काकू, मला दाराजवळ..."

"दाराजवळ वारा लागतो."

बटण तिच्या मांडीवर कडक झाली होती. लाकडासारखी. तिनं मुलीचे हात आपल्या हातांत घेतले. ते कानांकडे जायला धडपडत होते.

कपाट उघडलं, गुंडाळी बाहेर आली, मंचावर ठेवली गेली. बाबा पांढरी शाल पांघरून उभे राहिले. त्यांच्या हातात वाचनाची चांदीची काडी होती, टोकाला इवलासा हात आणि पुढे आलेलं एक बोट. अक्षरांना आपलं बोट लावायचं नसतं म्हणून ते चांदीचं बोट. शेजारी नवरा, छापील पुस्तक धरून. त्याचं काम चुका पकडण्याचं. गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, वाचणाऱ्याला सगळं पाठ ठेवावं लागतं, आणि चुकलं तर ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे ओरडून सांगायचं. शेवटच्या रांगेतल्यानंसुद्धा. वाचणारा रागावत नाही. मागे जातो आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचतो. चाळीस वर्षं बाबा असंच वाचत आले होते.

वर्षाच्या क्रमानं त्या शनिवारी नेमका तोच भाग आला होता, ज्यात मेळाव्याची आज्ञा आहे. पहिली काही वाक्यं नीट गेली. मग बाबा आज्ञेच्या वाक्याशी आले, सगळ्या सभागृहानं एकदम पुढे सरकून कान दिले, खुर्च्या करकरल्या, आणि बटण किंचाळली.

काच तडकावी तशीच.

बाबा थांबले.

इतकी शांतता झाली, की काकूंच्या यजमानांचं घोरणंही बंद पडलं. माना वळल्या. ती बटणाला काखेत मारून उठली, पण जाणार कुठून? वाटेवर मुलं पसरली होती, पाय ठेवायला टीचभर जागा नव्हती. एका पोरानं तर आपला बूट काढून मांडीवर घेतला होता. ती तशीच उभी राहिली, अर्धी वळलेली. वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मंचावर चांदीचं बोट मागे सरकलं. बाबांनी वाक्य पहिल्यापासून वाचायला घेतलं.

"बरोबर होतं, बाबा," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. पुढच्या रांगांना ते ऐकू गेलं. बाबांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

ते अर्ध्यावर आले आणि बटण पुन्हा किंचाळली.

बोट पुन्हा मागे गेलं.

मागे कुणीतरी खुसखुसलं. काकू शेजारणीला म्हणाल्या, "आज परीक्षक कडक आहेत हं." पण ते हसणं तिला लागलं नाही. ती भलतीकडेच पोहोचली होती. तीन वर्षांत तिनं वाचन ऐकलं नव्हतं, काचेमागून फक्त हलणारे ओठ पाहिले होते. शाळेत असताना ती ग्रंथाची जुनी भाषा थोडी शिकली होती, आणि आधीच्या दोन्ही वेळी त्या वाक्याचा नुसता गढूळ प्रवाह कानांवरून गेला होता. आता तिसऱ्या वेळी, नमुन्याची बाटली जरा वेळ स्थिर ठेवली की गाळ खाली बसावा, तसे शब्द वेगळे होऊ लागले. पुरुष. बायका. त्यानंतरचा शब्द तिला आठवत होता. लहानगी. आणि तुझ्या दाराशी असलेला परका. बोलाव, असं म्हणत होता तो आवाज. त्यांनी ऐकावं म्हणून. शांत बसतील तर आणा, असं त्यात कुठेच नव्हतं.

बटणानं आवाज काढायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबली. तिच्या लक्षात काहीतरी आलं होतं. ती मंचाकडे बघत होती. हात कानांवरच होते, पण एका हाताची दोन बोटं उघडली होती. तिनं बारीकसा आवाज केला. "अं."

बाबा थांबले. वाक्य जवळजवळ संपत आलं होतं, एकच शब्द उरला होता. त्यांनी गुंडाळीवरची नजर उचलली नाही. बोट मागे नेलं आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता लोक उघड हसले. मुलंही हसली, का ते न कळता. नवऱ्यानं पुस्तक तोंडापुढे धरलं होतं आणि पुस्तक हलत होतं. तो वळला, दाराकडे मान करून त्यानं तिला डोळ्यांनी विचारलं, बाहेर जायचं का? वाट काढून देऊ?

तिनं मान हलवली. नाही.

मग ती खाली बसली. मांडीवर लेक, डाव्या बाजूला काकूंचा रुंद आडोसा, आणि समोर ते वाक्य, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गळता. या खेपेस बटणानं ते पूर्ण होऊ दिलं.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. दात येणाऱ्या नातवंडानं भोकाड पसरलं, दोन पोरांची बुटावरून जुंपली, बटण आणखी दोनदा किंचाळली आणि बाबा आणखी दोनदा मागे गेले. वाचन बरंच लांबलं. परकी बाई दाराशी उभीच होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, आणि ती गेलीही नाही.

वाचन आणि त्यानंतरची प्रार्थना आटोपून लोक पांगू लागले, तेव्हा ती मंचाशी गेली. बाबा शालीच्या घड्या घालत होते. बटण मंचाच्या खालच्या पायरीवर बसली होती आणि लाकडातल्या एका भोकात बोट घालून पाहत होती.

"बाबा, माफ करा."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला किती वेळा..."

"आवाज आला की मागे जायचं. कुणाचा आला ते बघणं माझं काम नाही." त्यांनी घडी दाबली. मग चेहरा मख्ख ठेवून म्हणाले, "दोनदा सवयीनं गेलो. तिसऱ्यांदा मात्र मुद्दाम."

"मुद्दाम?"

"चाळीस वर्षं ते वाक्य वाचतोय, सूनबाई. लहानग्यांचा शब्द तोंडानं म्हणतो आणि पुढे सरकतो. आज तो शब्द म्हणताना त्यातलंच कुणीतरी समोर होतं. म्हटलं, निमित्त मिळतंय तर पुन्हा एकदा म्हणून घ्यावं."

वर्षभर तिनं जे सांगायचं टाळलं होतं, ते सांगायला आता कसलीच तयारी लागली नाही.

"ती घराबाहेर बोलत नाही, बाबा. एक शब्दही नाही. तीन आठवड्यांनी तज्ज्ञांकडे न्यायचंय. मंगळवारी."

बाबांनी शाल बाजूला ठेवली. "किती वाजता?"

"अकराला."

"दुकान बंद ठेवतो."

एवढंच. त्यांनी शाल पुन्हा उचलली.

कोट सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, दारामागच्या खुंट्यांवर होते. एरवी ती बटणाला उचलून तिथवर नेई, एका हातानं कोट काढी, दुसऱ्यानं मुलीला धरून ठेवी. आज तिनं पायरीकडे पाहिलं. बुटावरून भांडलेल्यांपैकी एक जण बटणाशेजारी येऊन बसला होता आणि तोही त्या भोकात बोट घालायच्या प्रयत्नात होता. बटणानं त्याला जागा करून दिली नव्हती, पण ढकललंही नव्हतं. काकू जवळच उभ्या राहून कुणाला तरी पावाची कृती सांगत होत्या.

"मी कोट घेऊन येते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते तिलाही कळलं नाही.

ती निघाली. रिकाम्या खुर्च्यांमधून, विखुरलेल्या पुस्तकांवरून, मुलं बसली होती त्या वाटेनं. एकदा मागून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि तिची मान वळता वळता राहिली. पाय चालत राहिले. बटणाचा कोट सगळ्यांत खालच्या खुंटीवर होता, आणि त्याच्यावर आणखी चार कोट चढले होते. ती एकेक काढू लागली, घाई न करता.